तय्यिब अन्न आणि दुकानदाराचा शब्द

सूरह अल-कहफमधील गुहावासी तरुणांची कथा आपल्यापैकी अनेकजण दर शुक्रवारी वाचतात. तिच्यातील एका लहानशा प्रसंगाकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. शेकडो वर्षांच्या निद्रेतून हे तरुण जागे होतात. आपण किती काळ झोपलो यावर थोडी चर्चा होते, ती अर्ध्यावर सोडून ते भुकेच्या प्रश्नाकडे वळतात. एकाला चांदीचे नाणे देऊन नगरात पाठवतात आणि बजावतात की कोणाचे अन्न अधिक शुद्ध आहे ते पाहून त्यातलेच आणावे, सौम्यपणे वागावे आणि आपला ठावठिकाणा कुणाला कळू देऊ नये. पकडले गेलो तर दगडांनी ठेचून मारतील ही भीती त्यांना आहे, पोटात भूक आहे. तरीही बाजारात जाणाऱ्या सोबत्याला ‘मिळेल ते घेऊन ये’ असे कुणी म्हणत नाही.

येथे आलेल्या ‘अझका’ या शब्दाचे भाष्यकारांनी अनेक अर्थ सांगितले आहेत. नगरातील लोक मूर्तींच्या नावे पशू कापत, म्हणून हलाल मांस पाहून आणावे, असा एक अर्थ. कुणी ‘उत्तम’ असा अर्थ घेतला, कुणी ‘विपुल’, आणि काहींनी तर ‘स्वस्त’ असाही घेतला. चौकशी करून अन्न विकत घेणे ही ईशपरायणतेच्या बाहेरची गोष्ट नाही, एवढे या सर्व अर्थांतून निश्चित होते.

आज हीच चौकशी करायला आपण बाजारात उभे राहतो तेव्हा समोर शब्दांची गर्दी असते. सेंद्रिय, जैविक, नैसर्गिक, विषमुक्त, गावरान, देशी. डाळीच्या पाकिटावर हिरवे पान छापलेले असते आणि भाव दीडपट असतो. प्रिय वाचकहो, त्या पानाचा अर्थ काय, आणि जादा भाव आपण नेमका कशाचा देतो, याचा विचार श्रद्धावंत ग्राहकाने आणि श्रद्धावंत दुकानदारानेही करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला ‘सेंद्रिय’ या शब्दाचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. स-इंद्रिय, म्हणजे इंद्रियांसह असलेले, सजीव. पण रसायनशास्त्रात कार्बनच्या संयुगांनाही सेंद्रियच म्हणतात, आणि त्या हिशेबाने फवारणीची बहुतेक आधुनिक कीटकनाशके ‘सेंद्रिय’ संयुगेच ठरतील! तेव्हा नुसता शब्द काही सांगत नाही. त्यामागे कुणी कोणती हमी दिली आहे ते पाहावे लागते. शेतीतल्या अर्थाचा एक उगम आपल्याला फार दूरचा नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषितज्ज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरमध्ये राहून काडीकचरा, शेण आणि माती यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. तिला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. भारतातील शेतकऱ्यांना आपण आपले गुरू मानले, असे हॉवर्ड स्वतः सांगत असत.

भारतात या शब्दाला कायद्याचे कुंपण आले ते अलीकडे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नाचे नियम केले. माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा तर दोन व्यवस्थांपैकी एकीचे प्रमाणपत्र हवे. पहिली, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम; यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था येऊन शेत आणि नोंदवह्या तपासते. दुसरी, सहभाग हमी पद्धत; यात परिसरातील किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची पाहणी करतो आणि एकमेकांबद्दल हमी देतो. अशा मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. रासायनिक शेती सोडल्याबरोबर माल सेंद्रिय होतो असेही नाही. हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षे आणि आंबा-काजूसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षे जमिनीला संक्रमणात काढावी लागतात. या काळात शेतकऱ्याचे उत्पन्न बहुधा घटते आणि ‘सेंद्रिय’ म्हणून भाव मात्र मिळत नाही. दीडपट भावात या वर्षांचाही वाटा असतो, हे घासाघीस करताना आठवले तर बरे.

हे प्रमाणपत्र पद्धतीचे आहे, त्या विशिष्ट दाण्याचे नाही. शेजारच्या शेतातून वाऱ्याने किंवा पाण्याने थोडे विष येऊ शकते हे नियमही मान्य करतात. सेंद्रिय मालात कीटकनाशकाचा अंश सर्वसाधारण मर्यादेच्या पाच टक्क्यांपर्यंत, किंवा उपकरणाला मोजता येण्याच्या किमान पातळीपर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तेवढा चालतो. म्हणजे विषाचा एक कणही नाही, अशी हमी कुणीच देत नाही. ‘या माणसाने हे पीक अमुक मर्यादा पाळून घेतले आहे’ एवढीच ती साक्ष असते.

साक्ष हाच शब्द मला येथे महत्त्वाचा वाटतो. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता धान्याच्या राशीत हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो की पाऊस लागला होता. मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता, असे प्रेषित (स.) त्याला विचारतात, आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे स्पष्ट करतात. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण वर्षानुवर्षे खुतब्यात ऐकतो. पण त्या राशीत आणि आजच्या पाकिटात एक मोठा फरक आहे. तेथे हात घातला की सत्य बोटांना लागत होते. सेंद्रिय तूरडाळ आणि साधी तूरडाळ शेजारी ठेवा. रंग, वास, चव, शिजण्याचा वेळ, कशावरूनही खात्रीने सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय, आणि कधी कधी पाठवूनही, खरे काय ते कळत नाही. म्हणजे साधी डाळ दीडशे रुपये किलो आणि सेंद्रिय सव्वादोनशे असेल, तर दीडशे रुपये डाळीचे आणि पंचाहत्तर रुपये शब्दाचे. जगात फार थोड्या व्यवहारांत शब्दाची किंमत इतकी उघड, रुपयांत मोजता येते.

एका तरुण दुकानदाराने मला जुमाच्या नमाजनंतर थांबवून विचारलेला प्रश्न याच संदर्भातला. तो गटशेतीचा सेंद्रिय माल विकतो. गटाकडची डाळ संपली की मार्केट यार्डातून आणलेली डाळ त्याच पिशव्यांत भरतो. ‘‘मौलाना, डाळ हलाल आहे, वजन पुरेपूर आहे, भाव दोघांच्या राजीखुशीने ठरतो, आणि खाणाऱ्याला काही अपायही झालेला नाही. मग कमाईत खोट कुठे?’’

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. बहुतेक लबाडी आज याच युक्तिवादावर चालते: वस्तू चांगली आहे ना, मग वर्णन थोडे वाढवून सांगितले म्हणून काय बिघडले? इस्लामी फिकहने मात्र या प्रश्नाचा विचार शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. फिकहशास्त्री दोष आणि गुण यांत फरक करतात. वस्तूत दोष नसेल, पण ज्या इष्ट गुणाच्या अटीवर ती घेतली तो गुण तिच्यात नसेल, तरीही ग्राहकाला व्यवहार मोडण्याचा अधिकार आहे. ‘हिदाया’ या हनफी ग्रंथातील उदाहरण त्या काळातले आहे: नानबाई म्हणून घेतलेला गुलाम नानबाई निघाला नाही. माणूस धडधाकट आहे, त्याच्यात व्यंग नाही. पण किंमत ज्या गुणाची होती तो गुण नाही. ग्राहकाने ठरलेल्या किमतीत ठेवून घ्यावा किंवा परत करावा. परत करणे अशक्य झाले असेल तर त्या गुणामुळे वाढलेली किंमत मागण्याचा त्याचा हक्क शिल्लक राहतो. ‘सेंद्रिय’ हा असाच इष्ट गुण आहे. डाळ हलाल आहे हे खरे. पंचाहत्तर रुपये डाळीचे नव्हतेच.

आणि ‘राजीखुशी’चे काय? कुरआनने परस्परसंमतीच्या व्यापाराला परवानगी दिली आहे, हे तो तरुण बरोबर सांगत होता. पण संमती ज्ञानावर उभी असते. दुभत्या जनावराचे दूध विक्रीआधी दोन-चार दिवस न काढता सड बांधून ठेवायचे, म्हणजे कास भरलेली दिसते आणि गिऱ्हाईक खुशीने जास्त पैसे मोजते, ही चलाखी प्रेषितांच्या (स.) काळीही होती. त्यांनी ती निषिद्ध केली आणि ग्राहकाला जनावर परत करण्याची मुभा दिली. त्या गिऱ्हाइकाची संमती होतीच की! ती त्याने फुगलेल्या कासेला दिली होती, गाईला नव्हे.

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कापडाचे व्यापारी. त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे की भागीदाराने सदोष कापड दोष न सांगता विकले आणि ग्राहक कोण ते आठवेना, तेव्हा त्यांनी त्या विक्रीची सारी रक्कम दान करून टाकली. दुकानदार तरुणाला मी हाच मार्ग सांगितला. जे ग्राहक ओळखीचे आहेत त्यांना फरक परत करावा. जे सापडणार नाहीत त्यांच्या वाट्याची रक्कम गरजूंना द्यावी आणि त्यात पुण्याची अपेक्षा धरू नये, कारण ते पैसे त्याचे नव्हतेच. तो निरुत्तर झाला नाही, हेही सांगायला हवे. ‘‘मी दोन पिशव्या वेगळ्या ठेवल्या तर शेजारचा दुकानदार सगळेच सेंद्रिय म्हणून विकेल आणि गिऱ्हाईक तिकडे जाईल,’’ असे तो म्हणाला. त्याचे हे म्हणणे खरे आहे. प्रामाणिक विक्रेत्याला नुकसान सोसावे लागते, आणि ते आपण ग्राहकांनी, नुसत्या हिरव्या पानावर विश्वास टाकून, त्याच्यावर लादलेले असते.

म्हणून आता ग्राहकाकडे वळू. किती विचारावे? ह. आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये काही लोक विचारतात की नव्याने मुस्लिम झालेले लोक आमच्याकडे मांस आणतात, कापताना त्यांनी अल्लाहचे नाव घेतले की नाही ते ठाऊक नाही. प्रेषित (स.) त्यांना उलटतपासणी करायला सांगत नाहीत, तुम्ही अल्लाहचे नाव घ्या आणि खा, असे सांगतात. इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये हलाल-हरामच्या प्रकरणात चौकशीवर स्वतंत्र विवेचन केले आहे. संशयाला काही खूण नसताना एखाद्याला त्याच्या अन्नाबद्दल खोदून विचारणे म्हणजे त्याला दुखावणे, आणि दुखावणे निषिद्ध आहे, असा त्यांचा रोख आहे. यजमानाच्या घरी ‘भाजी सेंद्रिय आहे का?’ असे विचारणाऱ्यांची एक जमात हल्ली शहरांत तयार झाली आहे. त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. पण दस्तरखानावरचा पाहुणा आणि दुकानातला ग्राहक एक नव्हेत. जेथे एका शब्दासाठी जादा पैसे मागितले जातात, तेथे त्या शब्दाचा पुरावा मागणे हा अपमान नाही. काझी साक्षीदाराची माहिती त्याच्या शेजाऱ्यांकडून काढतो, त्याला ‘तझकिया’ म्हणतात. गुहावासींच्या ‘अझका’चे मूळ तेच आहे.

पाकीट असेल तर ‘जैविक भारत’ चिन्ह आणि प्रमाणपत्राचा तपशील पाहावा. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘गावरान’ हे शब्द त्याची जागा घेत नाहीत. पोत्यातला सुटा माल असेल तर दुकानदाराला गाव, गट आणि हंगाम विचारावा. खरा माल संपतो. बाराही महिने सर्व काही सेंद्रिय मिळणाऱ्या दुकानाबद्दल मी तरी सावध राहीन. आपल्याकडच्या लोकप्रिय खुणाही फसव्या आहेत. गुळाचेच पाहा. पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रॉस टाकून उजळलेला असतो, म्हणून लोक काळसर गूळ मागतात आणि त्यालाच सेंद्रिय समजतात. काळसरपणा फार तर रस उजळवलेला नाही एवढे सांगेल. उसाला युरिया किती दिला हे ढेपेच्या रंगावरून कळत नाही. कीड लागलेली वांगी, वेडीवाकडी गाजरे यांचेही तेच. आंबा सेंद्रिय बागेतला असेल आणि कायद्याने बंदी असलेल्या कार्बाइडवर पिकवला असेल, तर बागेची पुण्याई आढीत संपली. सर्वांत चांगली चौकशी म्हणजे शेतकऱ्याची ओळख. वर्षाची ज्वारी, तांदूळ, डाळ पाच-सहा कुटुंबांनी मिळून एकाच शेतकऱ्याकडून घेतली, हंगामात एकदा त्याच्या शेतावर जाऊन आले, तर कागद नसला तरी चालेल.

येथे एक शंका मला वारंवार विचारली जाते. सेंद्रिय आणि नैसर्गिक शेतीत जीवामृत वापरतात: दोनशे लिटर पाण्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. हनफी मतानुसार गोमूत्र अपवित्र, मग ते धान्य पाक कसे? बहुसंख्य फिकहशास्त्र्यांच्या मते अशा खतावर वाढलेले पीक पाकच आहे, कारण माती आणि मुळे त्या पदार्थाचे रूपच पालटून टाकतात. मिठाच्या खाणीत पडून मीठ झालेले जनावर मीठच मानावे, हे हनफी ग्रंथांतील प्रसिद्ध उदाहरण आहे. शेणखत तर आपले पूर्वज शतकानुशतके वापरत आले. फवारा थेट पानांवर किंवा फळावर बसला असेल तर धुऊन घ्यावे; ते एरवीही घ्यावेच.

उलट बाजूची गल्लतही तितकीच होते. सेंद्रिय म्हणजे आपोआप हलाल नव्हे. सेंद्रिय मिठाईतही जिलेटिन असू शकते आणि सेंद्रिय कोंबडीलाही जबीहाची अट सुटत नाही. आणि सेंद्रिय म्हणजे आपोआप तय्यिबही नव्हे. ‘तय्यिब’चा अर्थ सांगताना इब्ने कसीर (रह.) रुचकर आणि शरीराला वा बुद्धीला अपाय न करणारे असे म्हणतात. सेंद्रिय साखर ही शेवटी साखरच. पोषणाच्या दृष्टीने सेंद्रिय अन्न निश्चितपणे सरस आहे असा सबळ पुरावा २०१२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांना शेकडो अभ्यास तपासूनही मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश सापडण्याचे प्रमाण मात्र त्यांना सेंद्रिय मालात कमी आढळले. तेव्हा मधुमेही वडिलांना सेंद्रिय गुळाची ढेप भेट देऊन निश्चिंत होऊ नये.

तरीही मी सेंद्रिय शेतीच्या बाजूने आहे, आणि त्याचे मुख्य कारण माझे पोट नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले. कपाशी छातीच्या वर गेली होती, पंप पाठीवर, तोंडाला बांधायला फार तर रुमाल. ते विष आपल्या ताटात आले नाही. कापूस आपण खात नाही. ताटातल्या अंशाची चिंता करणारे आपण, फवारणाऱ्याच्या श्वासाची चिंता किती करतो? स्वतः अपाय सोसू नये आणि दुसऱ्याला करू नये, हे प्रेषितांनी (स.) घालून दिलेले तत्त्व फिकहच्या मूलभूत नियमांपैकी एक मानले जाते. ‘शरीराला अपाय न करणारे’ ही तय्यिबची व्याख्या लावताना शरीर कोणाचे, हे आपण फार सहज गृहीत धरले आहे. खाणाऱ्याइतकाच पिकवणाराही शरीरधारी आहे. ज्याला परवडते त्याने जादा पैसे या कारणासाठी द्यावेत, असे मला वाटते.

पण ज्याला परवडत नाही त्याचे काय? फवारणी करणारा मजूर स्वतः रेशनचे धान्य खातो. त्याच्यावर कोणताही गुन्हा नाही. अल्लाह कुणावरही त्याच्या ऐपतीपलीकडचा भार टाकत नाही, आणि बिस्मिल्लाह म्हणून खाल्लेला रेशनचा तांदूळ निःसंशय हलाल आहे. येथे प्रश्न त्याला नसून आपल्याला आहे. रमजान जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांत किट वाटपाची तयारी सुरू होते. घरात सेंद्रिय तूरडाळ खाणारे, मुलांसाठी लाकडी घाण्याचे तेल आणणारे सज्जन किटसाठी मात्र ‘वाटायची डाळ’ म्हणून वेगळा, हलका माल सांगतात. घाऊक दुकानांतून हा शब्द सर्रास वापरला जातो.

सूरह अल-बकरातील एक आयत याच बाबतीत आहे. मदिनेतील अन्सार खजुराचे घोस मशिदीत टांगून ठेवत, गरीब मुहाजिर त्यातून खात. काहीजण त्यात सुकलेले, निकृष्ट घोस टांगू लागले. तेव्हा बजावण्यात आले की जे स्वतःला कुणी दिले तर डोळे मिटूनच घ्याल, ते अल्लाहच्या मार्गात देऊ नका. त्यानंतर प्रत्येकजण आपल्याकडचे चांगले ते आणू लागला, असे ह. बराअ (रजि.) सांगतात.

यावर आमच्याच समितीतील एका बुजुर्गांचा आक्षेप असा: चांगली डाळ घातली तर तीनशे किट दोनशेवर येतील, उरलेल्या शंभर घरांना काय सांगायचे? हा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि संख्या कमी करावी असे मी म्हणणार नाही. सर्व किट सेंद्रिय करणे आपल्या मोहल्ल्याच्या आवाक्यात नाही. पण यादी पुन्हा पाहता येईल. दोन किलो साखर, सरबताची बाटली आणि मैद्याच्या शेवया यांवर होणारा खर्च एकत्र केला, तर त्याच पैशांत डाळ आणि तेल तरी आपण घरी खातो त्या प्रतीचे देता येते. तांदूळ थेट शेतकऱ्यांच्या गटाकडून काढणीनंतर लगेच, घाऊक भावात घेतला तर आणखी बचत होते. त्यासाठी पैसे रमजानच्या चार दिवस आधी नव्हे, दिवाळीच्या सुमारास जमा व्हावे लागतील.